आईच्या वाटणीचं ऊन

मी शाळेत भूगोल शिकवतो. दर वर्षी नैसर्गिक साधनसंपत्तीचा धडा येतो आणि दर वर्षी मी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारतो. डावीकडे संपणारी साधनं: कोळसा, पेट्रोल, खनिजं. उजवीकडे न संपणारी: ऊन, वारा, वाहतं पाणी. मुलं पट्टी लावून वहीत तशीच रेघ मारतात आणि परीक्षेत हमखास पूर्ण गुण मिळवतात. पंचवीस वर्षांत या धड्याने मला कधी त्रास दिला नव्हता. तो दिला आमच्या सोसायटीच्या गच्चीने, आणि त्याच्या मुळाशी माझी आई होती.

आमची सोसायटी कोथरूडमधली, चार मजली, सोळा घरांची, बऱ्यापैकी जुनी. सेक्रेटरी व्हायला कोणीच तयार नव्हतं म्हणून मी झालो, आणि तेव्हापासून सुटकेची वाट बघतो आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. सगळ्यात वर गच्ची, आणि गच्चीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात आईची बाग.

ही बाग वडील गेल्यानंतरची. दुपारी तीनला त्यांना चहा लागायचा. ते गेल्यावर तीन वाजले की आईला घरात बसवत नसे. उठून खाली जायची आणि फाटकाशी नुसती उभी राहायची. अशाच एका दुपारी रस्ता झाडणाऱ्या बाई पाचोळ्याच्या ढिगाला काडी लावत होत्या. आई म्हणाली, "अहो, जाळू नका. मला द्या." त्या म्हणाल्या, "न्या की समदा. माझी बी कटकट जाईल." आईने पदर खोचला आणि पोतं भरून वर आणलं. घरात आम्ही एकमेकांकडे बघितलं. दुःखाने माणूस काय करेल सांगता येत नाही, म्हणून तिला करू दिलं.

पण ते दुःखाचं खूळ नव्हतं, किंवा असेल तर फार कामाचं खूळ होतं. फळवाल्याकडून तिने प्लॅस्टिकचे क्रेट मिळवले. तळाशी पाचोळा, वर भाजीच्या साली, त्यावर पातळ ताक शिंपडायचं, पुन्हा पाचोळा, आणि पायाने दाबायचं. दाबून भरलेलं पोतं वर्षभराने बसून ओंजळभर व्हायचं. त्या ओंजळीत ती वांगी लावायची, मेथी, घेवडा, टोमॅटो. विकतची माती तिने कधीच आणली नाही. बारा वर्षांत चाळीसेक क्रेट भरले. त्यातली माती काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर थोडी गरम लागायची. मी एकदा तिला म्हणालो, की माती संपणाऱ्या बाजूला लिहायची की न संपणाऱ्या, यावर आम्हा शिक्षकांचाच गोंधळ असतो. ती म्हणाली, "बारा वर्षं क्रेट भरून बघ, मग कळेल कुठे लिहायची ते."

सकाळी अकराला ती वर जायची आणि चारला खाली यायची. त्या पाच तासांत ती काय करते हे मी कधी बघायला गेलो नाही. मी शाळेत असायचो. खरं सांगायचं तर सुट्टीच्या दिवशीही गेलो नाही. आई सुखात आहे एवढं मला पुरत होतं.

आता गच्चीच्या भानगडीकडे येतो. आमच्या सोसायटीत दुपारी एक ते चार लिफ्ट बंद ठेवायची पद्धत आहे. सामाईक विजेचं बिल वाचावं म्हणून एका सर्वसाधारण सभेत हे ठरलं, आणि दुपारी एक ते चार या वेळेत पुण्यात काहीही बंद ठेवलेलं लोकांना नैसर्गिकच वाटतं. अडचण एकट्या चौथ्या मजल्यावरच्या आजींची होती. त्यांचे गुडघे गेलेले. दवाखान्यातून यायला एक वाजून गेला, तर त्या चारपर्यंत खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसून राहत. कोणाला दोष देत नसत. पिशवी मांडीवर घेऊन बसत, एवढंच.

म्हणून मी सौरऊर्जेचा प्रस्ताव आणला. गच्चीवर पॅनेल बसवायचे, त्यांच्यावर लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालवायचा, आणि लिफ्ट दिवसभर सुरू ठेवायची. पहिल्याच सभेत कोणीतरी म्हणालं, "मग ती बाग हलवावी लागेल." मी लगेच उभा राहिलो. म्हटलं, बागेला हात लावायची गरज नाही. पश्चिमेकडची अर्धी गच्ची मोकळीच पडली आहे, तिथे पॅनेल आरामात मावतील.

आणि ते सिद्ध करायला मी जो दिवस निवडला, त्याची आठवण झाली की मला आजही कानकोंडं व्हायला होतं. मे महिन्यात आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. दर वर्षी त्या दिवशी मी सोसायटीतल्या मुलांना गच्चीवर नेऊन बाटली उभी करून दाखवतो. यंदा मुलांबरोबर मोठ्यांनाही बोलावलं, पॅनेलवाल्या तरुणालाही बोलावलं. बाटली ठेवली. सावली गायब. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी पश्चिमेकडच्या मोकळ्या भागाकडे हात करून म्हणालो, "बघा, कुठे टिचभर तरी सावली आहे का?" पॅनेलवाला म्हणाला, "सर, सन एक्स्पोजर एकदम टॉप आहे." सोसायटीच्या अध्यक्षांनी मान डोलावली. हे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ, वडिलांचे मित्र, आणि ते मान डोलावतात असा प्रसंग क्वचितच येतो.

मी उड्या मारतच खाली आलो. या दिवशी वर मुलांची गर्दी असते म्हणून आई दर वर्षी घरीच थांबायची; ती घेवडा निवडत होती. "आई, तुझी बाग वाचली," मी म्हणालो. "पॅनेल पलीकडच्या अर्ध्या गच्चीवर बसवतोय. आज सगळ्यांना ऊन दाखवलं."

"आज?" ती म्हणाली.

"हो, आजच. शून्य सावली होती ना."

तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा घेवड्याकडे बघितलं आणि शेंगांच्या शिरा काढत राहिली. मला वाटलं, आनंदाने बोलवत नसेल. मी सेक्रेटरी असल्याचं पहिल्यांदा समाधान वाटलं.

त्यानंतर तीन आठवडे ती घरात गप्पगप्प होती. जेवणात लक्ष नाही, मालिकेत लक्ष नाही. बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवून आणू. पण अकरा वाजता ती वर जायचीच. जूनच्या पहिल्या रविवारी अंतिम मंजुरीची सभा होती. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी ठराव वाचून दाखवला. कोणाची काही हरकत, असं नियमाप्रमाणे विचारलं, आणि मागून आवाज आला, "माझी आहे."

आई होती. सोसायटीच्या सभेला ती जन्मात आली नव्हती.

"पश्चिमेच्या अर्ध्या गच्चीवर हिवाळ्यात ऊन नसतं," ती म्हणाली. "दिवाळीनंतर कमी होतं आणि मार्गशीर्षात बंदच होतं. समोरचा टॉवर आडवा येतो. पॅनेल तिथे लावलेत तर ऐन थंडीत तुमची लिफ्ट पुन्हा बंद पडेल. बारा महिने ऊन लागतं ते फक्त माझ्या बागेवर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हसलो, म्हणजे हसण्याचा प्रयत्न केला. "अगं, पण आपण प्रत्यक्ष बघितलंय."

"तू मे महिन्यात बघितलंस," ती म्हणाली. "वर चला, दाखवते."

सोळा घरांतली माणसं जिन्याने वर निघाली, कारण दुपारचा एक वाजून गेला होता. पश्चिमेच्या बाजूला जमिनीवर उरलेल्या ऑइलपेंटने मारलेल्या बारीक रेघा होत्या. दक्षिणेच्या कठड्यापासून सुरू होऊन उत्तरेकडे सरकत गेलेल्या. प्रत्येक रेघेशेजारी आईच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: दिवाळी. चंपाषष्ठी. दत्तजयंती. संक्रांत. रथसप्तमी. त्या त्या दिवशी भर दुपारी टॉवरची सावली कुठपर्यंत आली, त्याच्या त्या खुणा होत्या. शून्य सावलीच्या दिवशी आम्ही पलीकडे बाटलीभोवती उभे होतो, इकडे खाली कोणी बघितलंच नव्हतं. दत्तजयंतीची रेघ जवळजवळ पलीकडच्या कठड्याला टेकली होती. तीन वर्षांपूर्वी समोरच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंट झाली आणि टॉवर उभा राहिला. तोपर्यंत आईची बाग पश्चिमेलाच होती, हेही मला तेव्हा आठवलं. पहिल्याच थंडीत टोमॅटो मान टाकायला लागले तेव्हा तिने सगळे क्रेट एकेक करून पूर्वेकडे ओढत नेले होते. मी तेव्हा दहावीच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होतो.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या लांबतात, हे मी दर वर्षी पृथ्वीगोल आणि टॉर्च घेऊन शिकवतो. मुलांना ते नीट समजतं, अशी माझी ख्याती आहे.

अध्यक्ष खाली वाकून सगळ्या रेघा वाचत होते. सरळ होत म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही भूगोलच शिकवता ना?" मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, पण मग तुमच्या बागेचं काय?"

"बागेचं मी बघते," आई म्हणाली. "तुम्ही पॅनेलचं बघा."

घरी आल्यावर मी तिच्यावर चिडलो. सभेत तोंडघशी पडल्याचा राग होता, दुसरं काय. "तुला कोणी विचारलं होतं? गप्प बसली असतीस तर बाग राहिली असती. मी काय दुसऱ्या कोणासाठी भांडत होतो?"

ती शांतपणे चहा टाकायला उठली. आधण ठेवलं, आलं ठेचून घातलं. मग जे सांगितलं, ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

आईचं माहेर कसबा पेठेतलं. एका बोळात सहा बिऱ्हाडांचं उंच घर, वर सामाईक गच्ची, आणि चारी बाजूंना त्याहून उंच घरं. थंडीत त्या गच्चीवर दिवसाकाठी जेमतेम दोन तास ऊन यायचं, आणि तेही एका चटईएवढ्या जागेवर. म्हणून बायकांनी उन्हाच्या पाळ्या लावल्या होत्या. आज यांचं वाळवण, उद्या त्यांच्या गोधड्या, परवा बाळंतिणीला शेकायला. या पाळीत एकच अपवाद होता. शेजारच्या बिऱ्हाडात एक रंगारी कुटुंब राहायचं. त्यांचं पोटच रंगवलेल्या कापडावर, त्यामुळे त्यांचं कापड ओलं असेल तेव्हा बाकीच्यांनी आपलं वाळलं की लगेच उचलायचं, असं ठरलेलं होतं. त्या घरातल्या बाईंना आई खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

आई तेव्हा नऊ वर्षांची होती. थंडीचे दिवस. घरच्या गोधड्या उन्हात घालून तिला राखायला बसवलं होतं. ती गोधडीवर बसून मैत्रिणीबरोबर सागरगोटे खेळत होती. खाला ओल्या ओढण्यांची बादली घेऊन वर आल्या आणि विचारलं, "बेटी, झाल्या का गं वाळून?" गोधड्या केव्हाच वाळल्या होत्या. पण ऊन पाठीला इतकं छान लागत होतं, की आई म्हणाली, "नाही अजून. दमट आहेत."

"त्यांनी हात लावून बघितलंसुद्धा नाही," आई म्हणाली. "मी सांगितलं, म्हणून खरं मानलं. बादली घेऊन खाली गेल्या. लग्नाच्या ओढण्या होत्या, गुलाबी. त्या दिवशी पुन्हा ऊन आलंच नाही. ओलं कापड तसंच राहिलं आणि रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसला. सगळ्या ओढण्या पुन्हा गडद रंगात बुडवाव्या लागल्या. लग्नाचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. खाला शेवटपर्यंत मला ईदला बोलवायच्या, शीरखुर्मा द्यायच्या. मी कधी सांगितलं नाही त्यांना."

तिने कप माझ्यापुढे सरकवला.

"तू आलास ना सांगत, बाग वाचली म्हणून, तेव्हा मी पुन्हा गोधडीवर जाऊन बसले बघ. तीन आठवडे बसले होते. चौथ्या मजल्यावरच्या त्या खाली पिशवी घेऊन बसलेल्या वरून दिसतात रे मला. मला सगळं माहीत होतं आणि मी क्रेटमधलं तण काढत होते."

मी म्हणालो, "अगं, ऊन काय संपणार आहे का? सूर्य आहे तो."

"सूर्य नाही संपत," ती म्हणाली. "ऊन संपतं. गच्चीवरचं तर रोज संपतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पंचवीस वर्षं मी ज्या शब्दाला फळ्यावर बिनधास्त उजवीकडे ठेवत आलो, तो किती जणांत किती वेळ वाटायचा असतो, हे माझ्या आईला नवव्या वर्षी कळलं होतं. आणि मी तिला गप्प बसली नाहीस म्हणून ओरडलो होतो. फार लाज वाटली. तिला तसं सांगायला हवं होतं, पण तेव्हा मी फक्त चहा प्यायलो.

पॅनेल उंच खांबांवर घेऊन खाली बाग ठेवता येईल का, ते मी विचारून बघितलं. आमची स्लॅब जुनी, उंच सांगाडा तिला पेलणार नाही, असं सांगण्यात आलं. बाग हलवायची ठरली. आईने खाली सूचनाफलकावर कागद लावला: "तयार माती न्यावी. पिशवी आपापली आणावी." मजकूर अस्सल पुणेरी होता, पण तो लिहिताना तिने तीन कागद फाडले होते. दोन दिवस लोक येत होते. मी तिच्या शेजारी बसून क्रेट रिकामे केले. पहिल्यांदाच त्या मातीत कोपरापर्यंत हात घातला. आत गांडुळं होती, न कुजलेले देठ होते. एका क्रेटच्या तळाशी वडिलांच्या जुन्या शर्टाचं बटण निघालं. चिंधी म्हणून आईने तो सुती शर्टही कधीतरी पाचोळ्यात घातला होता. शर्टाची माती झाली होती. बटण तेवढं राहिलं होतं. आईने ते पुसून कनवटीला लावलं आणि पुढच्या माणसाची पिशवी धरली.

सहा क्रेट तिने स्वतःसाठी ठेवले, पश्चिमेच्या कठड्याशी. पावसाळ्यात त्यांच्यात अळू आणि पुदिना माजला. दिवाळीला मेथीसुद्धा चांगली आली. पॅनेल तोवर सुरू झाले होते, लिफ्टवरची ती एक ते चारची पाटी मी स्वतः काढली, आणि सोसायटीत माझं कौतुक चाललं होतं. मला त्यातलं काही गोड लागत नव्हतं. मी आईचे अंदाज चुकावेत म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. रोज शाळेतून आलो की आधी गच्चीवर जायचो. सावली ठरल्यासारखी एकेक रेघ ओलांडत आली. मार्गशीर्षात मेथीचे देठ लांबट, फिकट झाले आणि आडवे पडले. एके दिवशी वर गेलो तर सहाही क्रेट धुऊन पालथे घातलेले होते.

नाताळच्या सुट्टीत एका दुपारी आई दिवाणखान्यात बसली होती. टीव्ही बंद. घड्याळात तीन वाजले होते. मी तिच्याजवळ बसलो आणि मोबाइलवर त्या दिवशी किती वीज तयार झाली ते दाखवलं. हिवाळा असून आकडा चांगला होता. तिने चष्मा लावून बघितलं.

"लिफ्टला पुरतं ना?"

"पुरतं. आत्ताच त्या आजी वर गेल्या."

"मग झालं," ती म्हणाली आणि मोबाइल माझ्याकडे परत दिला.

तेव्हा मला तिचे हात दिसले. बोटं मऊ, पांढरी, नखं स्वच्छ. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या नखांत माती नव्हती. एखाद्या आजारी माणसाचे असावेत तसे ते हात होते. मी ते दोन्ही हातांत घेतले. सभेनंतरच्या त्या दुपारी जे बोलायला हवं होतं, ते इतक्या महिन्यांनी तोंडून निघालं.

"आई, मला फार वाईट वाटतं गं."

तिने हात सोडवून घेतले नाहीत.

"वाटू दे," ती म्हणाली. "मलाही वाटतं."